महाविद्यालय गेले, कागद उरले : पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाचे अभिलेखागार

आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही माहीत असते. पण त्या ज्या महाविद्यालयात शिकल्या ते आज कुठे आहे, असे विचारले तर उत्तर देणे अवघड जाते. कारण त्या नावाचे महाविद्यालय आता अस्तित्वात नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील 'वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया' ही संस्था १८५० मध्ये सुरू झाली. पुढे तिचे नाव बदलले, ती दुसऱ्या संस्थेत विलीन झाली, ज्या व्यवस्थापनाच्या हाती गेली ते दिवाळखोर झाले आणि शेवटी ती ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा भाग बनली.

तरीही या महाविद्यालयाचा इतिहास आज तपशिलाने लिहिता येतो. कोणत्या मुलीने प्रवेशासाठी काय लिहिले, तिची फी कशी भरली गेली, तिने कोणत्या विषयावर प्रबंध लिहिला आणि पदवीनंतर ती कुठे गेली, हे अनेकींबाबत सांगता येते. गुलामीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय मुलगी, आदिवासी समाजातली मुलगी, दमास्कसची, टोकियोची आणि आपल्याकडची मुलगी या सगळ्यांच्या खुणा तिथे आहेत. हे शक्य झाले ते जपून ठेवलेल्या कागदांमुळे. या लेखात त्या महाविद्यालयाचा आणि त्याच्या अभिलेखागाराचा परिचय करून दिला आहे. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला किंवा लिहिलाच नाही, अशा समाजातल्या कार्यकर्त्यांना त्यातून काय घेता येईल, हेही शेवटी मांडले आहे.

महाविद्यालयाची स्थापना

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांची दारे स्त्रियांसाठी जवळपास बंद होती. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांना १८४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका महाविद्यालयातून पदवी मिळाली, पण तो अपवाद होता. फिलाडेल्फियात क्वेकर पंथाच्या लोकांची मोठी वस्ती होती. हा ख्रिस्ती पंथ गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिलेला आणि स्त्रियांना सभेत बोलण्याचा हक्क मानणारा. याच वर्तुळातल्या काही डॉक्टरांनी आणि सुधारकांनी पुढाकार घेऊन १८५० मध्ये 'फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया' सुरू केले. केवळ स्त्रियांना वैद्यकाची पदवी देण्यासाठी स्थापन झालेल्या जगातल्या अगदी पहिल्या महाविद्यालयांत त्याची गणना होते. पहिल्या तुकडीतल्या आठ जणींना १८५१ च्या डिसेंबरमध्ये पदवी मिळाली. १८६७ मध्ये संस्थेच्या नावात 'फीमेल'ऐवजी 'वूमन्स' हा शब्द आला.

विरोध पहिल्यापासून होता. १८५८ मध्ये फिलाडेल्फियातील डॉक्टरांच्या संघटनेने या महाविद्यालयाशी आणि त्याच्या पदवीधर स्त्रियांशी व्यावसायिक संबंध ठेवू नयेत, अशी भूमिका घेतली. रुग्णालये विद्यार्थिनींना आत घेत नव्हती, आणि रुग्ण पाहिल्याशिवाय डॉक्टर होता येत नाही. या कोंडीतून मार्ग काढण्यासाठी पहिल्याच तुकडीच्या पदवीधर अ‍ॅन प्रेस्टन यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभे करण्याचा ध्यास घेतला आणि १८६१ मध्ये तशी संस्था स्थापन झाली. १८६६ मध्ये प्रेस्टन स्वतः महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयात या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री.

नोव्हेंबर १८६९ मध्ये विद्यार्थिनींना पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील प्रात्यक्षिक व्याख्यानाला बसण्याची परवानगी मिळाली. तिथे पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली, शेरेबाजी केली, कागदाचे बोळे फेकले. वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली आणि शहरात बराच वाद झाला. विद्यार्थिनींनी मात्र जाणे थांबवले नाही. सावित्रीबाईंवर शेण फेकले गेल्याची आठवण ज्यांच्या घरात सांगितली जाते, त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

कोण कोण शिकले

या महाविद्यालयाला आजच्या भाषेत पूर्ण समतावादी म्हणता येणार नाही. बहुसंख्य विद्यार्थिनी गोऱ्या होत्या आणि पैशाची अडचण अनेकींच्या वाटेत आली. तरीही त्या काळातल्या इतर संस्थांच्या तुलनेत इथले दार जास्त उघडे होते. काही नावे पाहू.

रेबेका कोल १८६७ मध्ये पदवीधर झाल्या. या महाविद्यालयाच्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय पदवीधर आणि अमेरिकेतील दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर. त्यांनी पुढे गरीब वस्त्यांत घरोघरी जाऊन आरोग्याचे काम केले.

कॅरोलाइन स्टिल यांनी १८७८ मध्ये पदवी घेतली. त्यांचे वडील विल्यम स्टिल हे दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना सुटकेच्या वाटेवर मदत करणारे आणि त्यांच्या कहाण्या लिहून ठेवणारे प्रसिद्ध कार्यकर्ते. त्या नोंदी पुढे पुस्तकरूपाने आल्या, आणि ताटातूट झालेल्या माणसांचा माग काढायला त्यांचा आधार होता.

सुझन ला फ्लेश १८८९ मध्ये पदवीधर झाल्या. ओमाहा या आदिवासी समाजातल्या सुझन या वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या मूलनिवासी व्यक्ती मानल्या जातात. आपल्या लोकांत परत जाऊन त्यांनी आयुष्यभर वैद्यकी केली आणि १९१३ मध्ये तिथे रुग्णालय उभे केले. त्यांचा आणि आनंदीबाईंचा जन्म एकाच वर्षी, १८६५ मध्ये झाला. आनंदीबाई पदवी घेऊन गेल्या त्याच वर्षी सुझन यांनी महाविद्यालयात पाऊल ठेवले.

हॅली टॅनर डिलन यांनी १८९१ मध्ये पदवी घेतली. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्किगी संस्थेत डॉक्टर म्हणून त्या रुजू झाल्या. अलाबामा राज्याची वैद्यकीय परवाना परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

आपल्याकडच्या दोघी म्हणजे १८८६ मध्ये पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशी आणि १८९२ मध्ये पदवी घेतलेल्या गुरुबाई करमरकर. या दोघींकडे पुढे पुन्हा वळू.

नाव कसे पुसले गेले

संस्थेचे नाव एका दिवसात पुसले गेले नाही. विसाव्या शतकात इतर वैद्यकीय महाविद्यालयांनी स्त्रियांना प्रवेश द्यायला सुरुवात केली, तशी केवळ स्त्रियांसाठी असलेली महाविद्यालये एकामागोमाग बंद झाली किंवा विलीन झाली. फिलाडेल्फियाचे महाविद्यालय सर्वांत जास्त काळ टिकले. १९६० च्या दशकाच्या शेवटी पुरुषांना प्रवेश देण्याचा निर्णय झाला आणि १९७० मध्ये नावातून 'वूमन्स' हा शब्द गेला. संस्था 'मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया' झाली. हा बदल अनेक माजी विद्यार्थिनींना रुचला नव्हता.

पुढचे वळण पैशाचे होते. १९८० च्या दशकात संस्था एका मोठ्या आरोग्य समूहाच्या ताब्यात गेली. १९९३ मध्ये ती त्याच शहरातील हानेमान वैद्यकीय विद्यापीठाशी जोडली गेली. १९९८ मध्ये हा समूह दिवाळखोर झाला. कर्जाचा आकडा सुमारे १३० कोटी डॉलर होता. अमेरिकेतील ना-नफा आरोग्य क्षेत्रातली ती तोवरची सर्वांत मोठी दिवाळखोरी मानली गेली. त्यानंतर ड्रेक्सेल विद्यापीठाने वैद्यकीय महाविद्यालयाचा कारभार हाती घेतला आणि २००२ मध्ये ते औपचारिकपणे विद्यापीठात विलीन झाले. हानेमान रुग्णालयही २०१९ मध्ये बंद पडले.

अशा प्रत्येक टप्प्यावर कागद हरवतात. नवे व्यवस्थापन येते, खोल्या रिकाम्या केल्या जातात, जुन्या फायली 'कामाच्या नाहीत' म्हणून टाकल्या जातात. विलीनीकरणात मोठ्या संस्थेचा इतिहास सांगितला जातो आणि लहान संस्था तळटीप होते. इथे तसे झाले नाही, याचे एक कारण असे की त्याआधीच कागदांची व्यवस्था लागली होती.

अभिलेखागार कसे उभे राहिले

आपले कागद जपले पाहिजेत ही जाणीव या महाविद्यालयात जुनीच होती. १८८१ मध्ये तेव्हाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी पदवीधर स्त्रियांना प्रश्नावली पाठवली. तुम्ही वैद्यकी करता का, कोणत्या प्रकारची, मिळकत किती, लग्न झाले आहे का, त्याचा व्यवसायावर काय परिणाम झाला, अशा प्रकारची माहिती त्यांनी मागवली आणि तिचे निष्कर्ष पदवीदान समारंभातल्या भाषणात मांडले. स्त्रिया डॉक्टर झाल्या तरी लग्नानंतर व्यवसाय सोडतील, हा तेव्हाचा नेहमीचा आक्षेप होता. बॉडलींनी त्याला आकड्यांनी उत्तर दिले. समाजशास्त्राचा विद्यार्थी आज जे सर्वेक्षण म्हणून शिकतो, ते एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने आपल्या संस्थेच्या बचावासाठी केले होते. पंडिता रमाबाईंच्या १८८७ मधील प्रसिद्ध इंग्रजी पुस्तकाची प्रस्तावना लिहिणाऱ्या बॉडली त्या याच.

बॉडलींनंतरच्या अधिष्ठाता क्लारा मार्शल यांनी १८९७ मध्ये महाविद्यालयाचा छोटा इतिहास लिहिला. प्राध्यापिकांचे आणि विद्यार्थिनींचे कागद जमत गेले. नावातून 'वूमन्स' शब्द गेल्यानंतर, १९७० च्या दशकात, वैद्यकक्षेत्रातील स्त्रियांसाठीचे स्वतंत्र अभिलेखागार महाविद्यालयात स्थापन झाले. आज ते ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचे 'लेगसी सेंटर' म्हणून ओळखले जाते.

त्यात काय आहे, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. प्रवेशासाठी आलेली पत्रे, विद्यार्थिनींची नोंदपुस्तके, हस्तलिखित प्रबंध, सभांची इतिवृत्ते, वार्षिक माहितीपत्रके, छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, दिवंगत माजी विद्यार्थिनींच्या नावाने केलेल्या फायली. शिवाय अमेरिकेतील स्त्री डॉक्टरांच्या संघटनेचे दप्तर आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात स्त्री डॉक्टरांनी उभ्या केलेल्या रुग्णालयांच्या कामाचे कागदही तिथे आहेत. म्हणजे एका महाविद्यालयापुरते न थांबता त्याभोवतीच्या चळवळीचा इतिहासही तिथे गोळा झाला.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस या अभिलेखागाराने आणखी एक काम केले. वेगवेगळ्या पिढ्यांतल्या स्त्री डॉक्टरांच्या प्रदीर्घ मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. कागदावर न आलेल्या गोष्टी त्यातून नोंदल्या गेल्या. प्रवेशाच्या मुलाखतीत काय विचारले, वसतिगृहात काय घडले, मूल झाल्यावर नोकरीचे काय झाले, असे अनुभव त्यातून जमा झाले. अलीकडच्या काळात संग्रहातील बरेच साहित्य डिजिटल स्वरूपात संकेतस्थळावर ठेवले गेले आहे. त्यामुळे फिलाडेल्फियाला न जाताही ते पाहता येते.

तिघींचे छायाचित्र

समाजमाध्यमांवर एक जुने छायाचित्र पुन्हा पुन्हा फिरत असते. तीन तरुणी आपापल्या देशाच्या वेशात बसलेल्या आहेत. साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या केई ओकामी आणि सीरियाच्या पोशाखातल्या साबात इस्लामबूली. हे छायाचित्र याच संग्रहातले आहे. त्यावर १० ऑक्टोबर १८८५ ही तारीख आहे.

फिरणाऱ्या संदेशांत बहुधा असे लिहिलेले असते की, तिघी त्या वर्षी एकत्र डॉक्टर झाल्या. छायाचित्राखालच्या ओळीतही तिघींच्या नावाआधी 'डॉ.' आहे. पण महाविद्यालयाच्या नोंदी पाहिल्या तर आनंदीबाईंची पदवी १८८६ ची, ओकामींची १८८९ ची आणि इस्लामबूलींची १८९० ची आहे. म्हणजे छायाचित्र काढले तेव्हा तिघीही विद्यार्थिनी होत्या आणि खालची ओळ नंतर लिहिलेली असावी.

इस्लामबूलींचे पहिले नाव कुठे साबात, तर कुठे ताबात असे सापडते. आनंदीबाईंचे आडनाव इंग्रजीत तिथे आजच्या रूढ पद्धतीहून वेगळ्या स्पेलिंगने नोंदले आहे. आपल्या नेहमीच्या स्पेलिंगने शोधले तर काही कागद हातीच लागत नाहीत. आपल्याकडे आडनाव बदलणे, लग्नानंतर नाव बदलणे, शाळेच्या दाखल्यावर वेगळेच नाव असणे हे सर्रास आहे. त्यामुळे एका व्यक्तीची सगळी नावे एकत्र नोंदवणे हे अभिलेखाचे पहिले काम आहे.

एकटे छायाचित्र कौतुक निर्माण करते. सोबतची नोंदपुस्तके असतील तरच ते पुरावा होते. म्हणून अभिलेखागारात कागद सुटे करून 'महत्त्वाचे' आणि 'बिनमहत्त्वाचे' असे वेगळे करत नाहीत. ते कुणाकडून आले आणि कोणत्या क्रमाने लावलेले होते, हे जपले जाते.

आनंदीबाई आणि गुरुबाई

आनंदीबाईंनी जून १८८३ मध्ये अमेरिकेत पोहोचल्यावर प्रवेशासाठी लिहिलेले पत्र या संग्रहात आहे. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण आलो आहोत, पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी यासाठी शिकायचे आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांना वैद्यकी करता आली नाही. पण अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी आणि मराठीत काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, पुढे कादंबरी, नाटक, चित्रपट झाले. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही त्यांचे नाव आहे.

गुरुबाई करमरकर याच महाविद्यालयातून १८९२ मध्ये डॉक्टर झाल्या. त्या ख्रिस्ती होत्या आणि त्यांचे पती सुमंतराव धर्मोपदेशक होते. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकी केली. त्यांच्याकडे येणारे रुग्ण मुख्यतः समाजाने दूर ठेवलेले, गरीब लोक होते. आनंदीबाईंना जे करायचे होते आणि आयुष्याने करू दिले नाही, ते काम गुरुबाईंनी प्रत्यक्ष केले. तरी मराठी वाचकाला त्यांचे नाव क्वचितच माहीत असते.

आनंदीबाईंचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. प्रश्न आपल्या स्मरणाचा आहे. एकाच महाविद्यालयाच्या, एकाच अभिलेखागारातल्या दोन मराठी डॉक्टर स्त्रिया. त्यातली एक पाठ्यपुस्तकात पोहोचते आणि दुसरी पोहोचत नाही. आनंदीबाईंच्या समाजाकडे लेखक होते, नियतकालिके होती, प्रकाशक होते. धर्मांतरित, मिशनमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरकडे तो गोतावळा नव्हता, आणि 'राष्ट्रीय' चरित्रमालेत तिला बसवणे अवघडही होते. कागद टिकणे ही पहिली पायरी आहे. ते कुणीतरी जाऊन शोधणे ही दुसरी. गुरुबाईंच्या बाबतीत मराठी समाजाने दुसरी पायरी फारशी चढलेली नाही.

एलायझा ग्रिअरचे पत्र

या संग्रहातील एक कागद आपल्या तरुणांनी आवर्जून वाचावा असा आहे. डिसेंबर १८९० मध्ये एलायझा ग्रिअर या कृष्णवर्णीय तरुणीने महाविद्यालयाला पत्र लिहिले. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. आपल्याकडे पैसा नाही, कष्ट करून मिळेल तेवढाच आधार आहे, गुलामीतून मुक्त झालेल्या व्यक्तीला या उच्च व्यवसायात येण्यासाठी काही मदत मिळू शकेल का, असे तिने विचारले.

तिला प्रवेश मिळाला. एक वर्ष कापूस वेचून पैसे जमवायचे आणि एक वर्ष शिकायचे, असे करत तिने शिक्षण पुरे केले. त्याला सात वर्षे लागली. १८९७ मध्ये ती डॉक्टर झाली आणि जॉर्जिया राज्यात वैद्यकीचा परवाना मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. पाचच वर्षांनी, १९०२ मध्ये तिचा मृत्यू झाला.

एलायझा ग्रिअरने आत्मचरित्र लिहिले नाही. ते लिहायला तिला आयुष्यच मिळाले नाही. तिचा आवाज आज आपल्यापर्यंत पोहोचतो तो तिच्या अर्जामुळे. कार्यालयात आलेला, वाचून फायलीत लावलेला एक अर्ज. शिष्यवृत्ती अडकली म्हणून समाजकल्याण कार्यालयात आपली मुले असेच अर्ज देतात. वसतिगृहात जागा मिळावी म्हणून लिहितात. ते अर्ज पुढे कुठे जातात, याचा विचार आपण सहसा करत नाही.

कागद काय सांगत नाहीत

अभिलेखागारालाही मर्यादा असतात. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांचे कागद जास्त टिकतात, ज्यांना नाकारले गेले किंवा ज्यांना पैशाअभावी मधेच सोडावे लागले त्यांचे कमी. प्राध्यापिकांची पत्रे सापडतात, पण वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या, रुग्णालयात फरशी पुसणाऱ्या स्त्रियांची सापडत नाहीत. रुग्ण तर बहुतेक वेळा आजाराच्या नावाने उरतात. इस्लामबूलींसारखी विद्यार्थिनी पदवी घेऊन दूर गेली, पत्रव्यवहार तुटला, की तिच्याबद्दल फार थोडी माहिती हाती राहते.

कागद नाही म्हणजे माणूस नव्हता किंवा घटना घडली नाही, असा अर्थ होत नाही. पण पुढे वाद होतो तेव्हा 'पुरावा कुठे आहे' असे विचारले जाते, आणि त्या वेळी ज्यांच्याकडे कपाट आहे त्यांचीच बाजू खरी ठरते.

आपल्याकडे काय करता येईल

मुक्ता साळवे या जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध आपण आज वाचू शकतो, कारण तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला आणि त्या नियतकालिकाचे अंक टिकले. तिच्या वर्गातल्या इतर मुलींनी काय लिहिले, हे आपल्याला वाचायला मिळत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गावोगाव भेटून त्यांच्या आठवणी नोंदवल्या, त्यातून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. त्या मुलाखती तेव्हा झाल्या नसत्या, तर त्यातल्या बहुतेक जणींचे काम त्यांच्यासोबतच संपले असते. फिलाडेल्फियात एका संस्थेच्या पाठबळाने जे झाले, ते इथे दोघींनी केले.

मुलींची वसतिगृहे, बालवाड्या, महिला मंडळे, रात्रशाळा, शिवणवर्ग अशा कितीतरी संस्था आपल्या वस्त्यांत चालल्या आणि बंद पडल्या. त्यांची नोंदवही, पावतीपुस्तक, फोटो कुणाच्या तरी माळ्यावर आहेत. सुरुवात करायला इमारत लागत नाही. पुढील गोष्टी कोणत्याही गटाला करता येतात.

१. आधी यादी करा. कोणत्या घरी काय आहे, एवढीच वही तयार करा. कागद लगेच मागू नका.

२. एका व्यक्तीकडून आलेले कागद एकत्र ठेवा. कुणाकडून, कधी आणि कोणत्या अवस्थेत मिळाले, हे लिहा. त्यांचा मूळ क्रम मोडू नका.

३. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. गंजणाऱ्या टाचण्या आणि पिना हळुवार काढा. ओल, कसर आणि वाळवी यांपासून दूर, जमिनीपासून उंच, शक्यतो लोखंडी कपाटात ठेवा.

४. फोटोतल्या माणसांची नावे आजच विचारून घ्या. ओळखणारे जिवंत आहेत तोवरच हे शक्य आहे. फोटोच्या मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलने, कडेला लिहा. पेन वापरू नका.

५. स्कॅन करा, पण मूळ प्रत टाकू नका. फाइलला तारीख, जागा आणि व्यक्ती कळेल असे नाव द्या. प्रती किमान तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मोबाइलच्या गटात टाकलेला फोटो म्हणजे जतन नव्हे. तिथे त्याची प्रत खराब होते आणि संदर्भ निघून जातो.

६. ज्येष्ठ स्त्रियांच्या मुलाखती घ्या. सभा आणि मोर्चांबरोबरच फी कुणी भरली, डबा कोण देत होते, शाळेत कुठे बसवले जात होते, घरचे काय म्हणाले, हेही विचारा. आधी संमती घ्या. झालेली मुलाखत त्यांना ऐकवा. काही भाग वगळा म्हणाल्या तर वगळा.

७. खासगी माहितीचा मान ठेवा. आजारपण, घरगुती हिंसा, पोलीस प्रकरणे यांचे कागद सर्वांसाठी खुले करू नका. काही वर्षे बंद ठेवण्याची अट लिहून घेता येते.

८. कागद देणाऱ्याशी साधा लेखी करार करा. मालकी कुणाची, कोण पाहू शकेल, गट बंद पडला तर कागद कुठे जातील, हे त्यात असावे. हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी किंवा राज्याच्या पुराभिलेख विभागाशी आधीच बोलून ठेवता येते.

या कामाला मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते. महिन्यातून एक रविवार, दोन-तीन जण, एक वही आणि एक स्कॅनर एवढ्यावर एका वस्तीचे काम उभे राहू शकते. जयंतीच्या दिवशी जुन्या फोटोंचे छोटे प्रदर्शन लावले, तर लोक आपणहून घरातले कागद घेऊन येतात आणि फोटोतल्या अनोळखी चेहऱ्यांना नावे मिळतात.

फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाचे नाव आता फलकावर नाही. पण गुरुबाई करमरकरांवर कुणाला मराठीत काम करायचे असेल, तर सुरुवात करण्यासाठी तिथे कागद आहेत. ते काम आपल्यापैकी कुणीतरी हाती घ्यावे. त्याच वेळी आपल्या तालुक्यातल्या बंद पडलेल्या मुलींच्या वसतिगृहाची नोंदवही कुठे आहे, याचाही शोध या महिन्यातच सुरू करावा.